बारा शब्दांची झेरॉक्स

कॉलेजच्या फाटकासमोरच्या इमारतीत जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, आणि जिथं शहाणी माणसं मोडक्या खुर्च्या नि झाडू ठेवतात, तिथं तिचं दुकान होतं. उंच माणसाला आत यायचं तर मान वाकवावी लागे. तिचं म्हणणं असं, की त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप नम्र होतं. आत एक झेरॉक्सचं मशीन, एक लॅमिनेशनचं, भिंतीला लावून रचलेल्या कागदाच्या रिमा, एक लोखंडी कपाट आणि उरलेल्या जागेत ती. तिला नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. रस्ता तिला झेरॉक्सताई म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. लग्न राहून गेलं होतं. कुणी फारच चौकशी केली तर म्हणायची, "एक स्थळ आलं होतं, पण चौकशी केली तर त्याचा एक संसार आधीच चालू होता."

जगाकडे बघायचा तिचा एकच नियम होता: कागद एकटा असू नये. हे वेड तिला वडिलांपासून लागलं. वडील गिरणीत होते. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नोकरीचा दाखला एका साहेबानं 'ठेवून जा' म्हणून ठेवून घेतला आणि महिन्याभरानं 'कुठला दाखला?' असं विचारलं. नक्कल नव्हती. उभ्या आयुष्याची पुंजी त्या एका कागदाबरोबर गेली. त्यानंतर वडिलांनी दोन्ही मुलींना समोर बसवून सांगितलं, की यापुढे या घरातला कुठलाही कागद दोन घरी राहील. मुलींची लग्नं व्हायची होती आणि घर एकच होतं, त्यामुळे दुसरं घर कुठून आणायचं हे त्यांना कळेना. पुढं धाकटीचं लग्न झालं आणि तो प्रश्न सुटला. झेरॉक्सताईच्या सगळ्या कागदांची एकेक प्रत धाकटीकडे, धाकटीच्या कागदांची एकेक प्रत दुकानातल्या लोखंडी कपाटात. भाडेकरार, शाळेचे दाखले, दवाखान्याचे रिपोर्ट, वडिलांच्या मृत्यूचा दाखलासुद्धा. आई आधीच गेली होती. धाकटीला अंगाखांद्यावर खेळवून, दोन वेण्या घालून, डबा देऊन मोठं केलं होतं ते ताईनंच. त्यामुळे धाकटीच्या घरी ठेवलेला कागद म्हणजे आपल्याच दुसऱ्या खिशात ठेवलेला कागद, असा तिचा साधा हिशेब होता.

दुकानाची खरी अडचण मशीनची होती. ते तिचं नव्हतं. एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेलं. कंपनीचा माणूस दर महिन्याला यायचा, मशीनच्या पोटातला आकडा वाचायचा आणि निघालेल्या प्रत्येक पानामागे कंपनीचा वाटा घेऊन जायचा. चुकून काळं निघालेलं पानसुद्धा त्यात मोजलं जायचं. "मी कागदाला हात लावला की त्याचे पैसे, मशीननं कागद खाल्ला तरी त्याचे पैसे," ती म्हणे. स्वतःच्या मालकीचं मशीन घ्यायचं, जुनं का असेना, हे तिचं एकमेव स्वप्न होतं. वीस वर्षं जिन्याखाली काढल्यावर माणसाला तेवढं स्वप्न पडायला हरकत नसावी.

दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बाइंडर बसायचा. भाडं दोघं निम्मं निम्मं भरत. तिच्याच वयाचा, बोटांना कायम खळ चिकटलेली, बायको वारलेली, बोलणं कमी पण टोचणारं. बांधायला आलेली कुठलीही वही तो वाचल्याशिवाय बांधत नसे. त्यामुळे त्याला हाडांच्या रोगांपासून पुलांच्या खांबांपर्यंत सगळ्यातलं थोडं थोडं कळे, आणि जेवढं कळे त्याच्या दुप्पट तो सांगे.

बिटकॉइन दुकानात आलं ते सुट्ट्या पैशांच्या भांडणातून. वसतिगृहातली बाहेरदेशची पोरं दोन पानांची झेरॉक्स काढायची आणि मोठी नोट पुढं करायची. कार्डाचं मशीन तिनं बसवून पाहिलं होतं, पण दोन पानांच्या कामात त्या मशीनवाल्याचा कमीत कमी आकार गेला की हातात कागदाची धूळ उरे. तेव्हा एकीनं विचारलं, की बिटकॉइननं दिले तर चालतील का, आमच्यात सगळे तेच वापरतात. झेरॉक्सताईनं आधी तिला हाकलूनच दिलं. पण बाइंडरनं नुकताच याच विषयावरचा एक जाडजूड प्रबंध बांधला होता, आणि आता तो स्वतःला त्या विषयातला डॉक्टर समजत होता. तो म्हणाला, की वाईट नाही, पण पाकीट नीट निवडायला हवं.

मग पुढचे कित्येक दिवस जिन्याखाली त्या पाकिटाचीच चर्चा. पाकीट म्हणजे फोनमधलं ॲप, एवढं तिला लवकर कळलं. पण भाजी घेतानासुद्धा प्रत्येक नग उलटापालटा करून बघणारी बाई ती, पहिल्याच ॲपवर कशी थांबणार? पहिलं पाकीट फारच गोड होतं. नाव घातलं, फोन नंबर घातला, की झालं. बाइंडर म्हणाला, यात पैसे तुझे नसतात, त्या कंपनीचे असतात, तुला फक्त त्यांचा शब्द मिळतो. वडिलांच्या साहेबाची आठवण येऊन तिनं ते तिथल्या तिथं पुसून टाकलं. दुसरं पाकीट पूर्ण तिच्या ताब्यातलं होतं, पण त्यात दर वेळी पैसे पाठवायचा खर्च असा, की दोन पानांच्या झेरॉक्ससाठी दहा पानांचा भुर्दंड. तिसऱ्यात अक्षरं इतकी बारीक, की चष्मा लावूनही तिला कुणी किती दिले ते दिसेना. चौथं तिला आवडलं. छोटे पैसे क्षणात येत, खर्च जवळजवळ नाही, आणि आले की फोन बारीकसा टुणकन वाजे. पण बाइंडरनं पुन्हा बोट वर केलं. रोज लोकांसमोर बाहेर काढायच्या फोनात आयुष्याची बचत ठेवू नये. बाजारात नेण्याची पिशवी वेगळी आणि घरातली पेटी वेगळी.

हे तिला मनापासून पटलं. रोजच्या पैशांसाठी चौथं पाकीट राहिलं आणि बचतीसाठी एक वेगळं, शांत, काहीच न वाजणारं पाकीट तिनं घरच्या जुन्या फोनात घेतलं. महिन्याच्या शेवटी दुकानाचं उरलेलं तिकडे ढकलायचं. थेंबे थेंबे तळे साचे, असं ती बाइंडरला म्हणाली. बाइंडर म्हणाला, की या तळ्याचं पाणी कधी आपोआप चढतं नि कधी उतरतं, तेवढं बघून पोह.

त्या बचतीच्या पाकिटानं सुरुवातीलाच तिला बारा शब्द दाखवले. एकाचा दुसऱ्याशी काही मेळ नाही असे बारा साधे शब्द, ओळीनं. फोन हरवला, फुटला, तरी हे शब्द दुसऱ्या कुठल्याही फोनात घातले की सगळे पैसे परत समोर येतात. शब्द गेले की पैसे गेले. आणि शब्द दुसऱ्याला कळले, की पैसे त्याचे. खाली लाल अक्षरांत सूचना होती: कागदावर लिहा, फोटो काढू नका, कुणाला देऊ नका. बाइंडरनं ती तिला दोनदा वाचून दाखवली आणि स्वतः तोंड फिरवून बसला. तिनं सुंदर अक्षरात शब्द उतरवले. वर मथळा दिला, 'बचतीचं पाकीट', आणि शेजारी ॲपचं नाव. कागदाकडे बघितलं. तो एकटा होता.

आता इथं दुसरा कुणी असता तर कागद घडी करून कपाटात ठेवून मोकळा झाला असता. पण झेरॉक्सच्या दुकानात आयुष्य गेलेल्या बाईला एकटा कागद बघवत नाही. बाइंडर जेवायला गेल्यावर तिनं काच पुसली, कागद पालथा ठेवला, झाकण पाडलं आणि एक प्रत काढली. फोटो काढू नका असं लिहिलं होतं, झेरॉक्सबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. मग प्रत ओली होऊ नये म्हणून लॅमिनेट केली, कडा कापून गोल केल्या, आणि रविवारी धाकटीकडे जाऊन तिच्या हातात दिली. एवढंच म्हणाली, की हे नीट जपून ठेव आणि कशाचं आहे ते विचारू नकोस. धाकटीनं विचारलं नाही. ताईच्या बाकी कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. 'कुणाला देऊ नका' हेही तिथं लिहिलं होतं, पण धाकटी म्हणजे कुणी का होती?

तळं साचत गेलं. तिनं तोंडाला झाकण लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि जुनी मशीनं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याखेरीज कुणालाही तिनं आकडा सांगितला नाही. त्याच हिवाळ्यात धाकटीच्या नवऱ्याची नोकरी गेली. घरमालकानं घर खाली करायला सांगितलं आणि नव्या घराची अनामत भरायला धाकटी पैसे मागायला आली. दुकानाच्या पायरीवर बसून तिनं मान खाली घालून विचारलं. झेरॉक्सताईनं क्षणभर मशीनकडे बघितलं आणि सांगितलं, की माझे हात रिकामे आहेत गं, दुकान कसं चालतं ते तुला दिसतंच. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही, हेही खरं आहे. पण सकाळी तिनं स्वतःची समजूत घातली, की मशीन आलं की मग धाकटीला काय हवं ते देता येईल. धाकटीनं कुठून तरी उसने काढले, गावाबाहेरचं लहान घर घेतलं, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

मनासारखं मशीन सापडलं तेव्हा ती पोरीसारखी खूश होती. व्यापाऱ्याच्या गोदामात एका बंद पडलेल्या कार्यालयातलं मशीन आलं होतं, फार न वापरलेलं. तिनं स्वतःची रिम नेऊन त्यावर पानं काढून पाहिली. एकही अडकलं नाही. व्यापारी म्हणाला, सोमवारी पैसे, सोमवारी मशीन. सोमवारी सकाळी तिनं घरचा जुना फोन उघडला. बचतीच्या पाकिटात शून्य होतं.

तिला वाटलं, फोनच जुना. बंद करून पुन्हा लावला. मग वाटलं नेटवर्क नाही. मग दुकानात आली आणि फोन बाइंडरपुढं धरला. त्यानं बोटं पुसली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. पैसे सहा दिवसांपूर्वी गेले होते. आधी निम्मे, थोड्या वेळानं उरलेले. चोरानं आधी हात घालून पाहिला आणि मग मूठ भरली. बाइंडरनं विचारलं, की ते शब्द आणखी कुणाकडे आहेत का. ती म्हणाली, कुणाकडे नाहीत. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. धाकटी तिच्या डोक्यातच आली नाही.

आली ती संध्याकाळी, आणि तीही आसरा म्हणून. ती सरळ धाकटीच्या घरी गेली आणि दारातच रडत रडत पाकिटातले पैसे गेल्याचं सांगायला लागली. धाकटीनं तिला धरून आत नेलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. कागद आहे ना जागेवर, असं ताईनं विचारलं, तेव्हा तिनं खुर्चीवर चढून पिशवी काढून दाखवली. लॅमिनेट केलेला कागद जसाच्या तसा चकचकत होता. मग धाकटी हळूच म्हणाली, की तुझ्या शेजारी बसतो तो. पाकीट निवडताना तोच होता ना बरोबर? ते शब्द लिहितानाही?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. झेरॉक्सताईच्या मनात विष उतरलं. वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांकडे ती दुसऱ्या दिवसापासून चोराची बोटं म्हणून बघू लागली. विचारायचं धाडस होईना, आणि न विचारता राहवेना. शेवटी तिनं विचारलंच. बाइंडर हातातलं पुस्तक दाबपट्टीत तसंच ठेवून उठला आणि बाहेर गेला. तासाभरानं परत आला, बसला, कामाला लागला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. पोलिसांकडेही ती जाऊन आली. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, नोटा गेल्या असत्या तर नोटा शोधल्या असत्या, शब्द कुठं शोधू? तिकडे मशीन दुसऱ्या कुणी नेलं.

पण एक गोष्ट बाइंडरनं, तिनं त्याच्यावर संशय घ्यायच्या आधीच, तिला दाखवून ठेवली होती. या पैशांची वाट साऱ्या जगाला दिसते. घेणारा कोण ते कळत नाही, पण पैसे कुठल्या खात्यात जाऊन बसले ते कुणीही बघू शकतं. त्या खात्याच्या आकड्यांची लांबलचक ओळ तिनं फोनवर जपून ठेवली, आणि रोज सकाळी मशीन तापेपर्यंत ती ओळ उघडून बघायची. पैसे तिथंच होते. काचेमागे ठेवल्यासारखे दिसत होते, आणि हात लावता येत नव्हता. तिला वाटे, चोरालाही त्यांना हात लावायचा धीर होत नसावा. या विचारानं तिला उगाच थोडं बरं वाटे. माणूस किती मूर्ख आशेवर जगतो, बघा.

एका सकाळी त्यातले निम्मे निघून गेलेले दिसले. पहिल्यांदा गेले होते ते निम्मे. आता उरलेले कधीही जाणार हे तिला कळलं आणि ती स्टुलावर बसून राहिली. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं त्याच्या ओळखपत्राची उलटी बाजू दोनदा काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी दुकानात आली. कॉलेज भरलेलं होतं, रस्ता रिकामा होता, बाइंडर आपल्या कोपऱ्यात पुठ्ठे कापत होता. धाकटीनं पर्समधून एक जाड कागदी पाकीट काढलं आणि काउंटरवर सरकवलं. म्हणाली, "ताई, हे घे. दुसरं मशीन बघ. घरातल्यांनी थोडं थोडं बाजूला टाकलं होतं. परत करायची घाई नको."

नवऱ्याची नोकरी नाही, घर गावाबाहेर, आणि ही पोर आपल्यासाठी एवढं घेऊन आली. झेरॉक्सताईनं काउंटरवरून हात लांब करून धाकटीचा हात धरला, आणि मागच्या हिवाळ्यात आपण हिला काय सांगितलं ते आठवून तिची मान खाली गेली. तेव्हाही पैसे होते हे सांगून टाकावं, आत्ताच, असं तिच्या ओठांवर आलं. मग तिनं पाकीट उघडलं.

आतल्या नोटांकडे बघताना तिचं डोकं सवयीनं चालू लागलं. पानं आणि दर, दर आणि पानं, असं हे डोकं वीस वर्षं चाललेलं. तिनं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कॅल्क्युलेटर ओढला, आदल्या दिवशीचा भाव फोनवर बघितला आणि गेलेल्या निम्म्यांचे किती होतात ते मांडलं. बिटकॉइन विकून रोख देणारा दलाल आपला वाटा कापतो, पाकिटातल्या नोटांत आणि त्या आकड्यात तेवढाच काय तो फरक होता. धाकटी समोर उभी राहून तिच्या बोटांकडे बघत होती.

ताईनं कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. मग वर न बघता म्हणाली, "उरलेले निम्मे अजून तिथंच आहेत. मी रोज सकाळी बघते."

धाकटीनं विचारलं, "ते दिसतं?"

एवढंच. यापेक्षा जास्त काही कबूल करायची गरज उरली नाही. कोपऱ्यात पुठ्ठे कापणारा हात थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू झाला. झेरॉक्सताईला वाटलं होतं, चोर सापडला की आपण त्याच्या झिंज्या उपटू, रस्ता गोळा करू. प्रत्यक्षात तिला नुसतं गार वाटत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण तिनं स्वतःच्या हातानं, वेण्या घालून, वाढवलं होतं. तिला चीड आली ती पैशांची नाही. त्या संध्याकाळी पाठीवरून फिरलेल्या हाताची आली. खुर्चीवर चढून पिशवी दाखवणाऱ्या हाताची आली. आपण रडत होतो आणि ही पाणी आणून देत होती.

तिनं फक्त विचारलं, "का?"

धाकटी आधी रडली, मग रडायची थांबली, मग तिचा आवाज चढला. तसं बघितलं तर त्यांच्या घरातलं कुणी इतकं सरळ कधी बोललं नव्हतं. नव्या घरी सामान लावताना ती पिशवी हातातून पडली होती आणि तो चकचकीत कागद बाहेर आला होता. वर पाकिटाचं नाव लिहिलेलंच होतं. नुसतं बघायचं म्हणून तिनं ते शब्द आपल्या फोनात घातले.

"मला चोरायचं नव्हतं," ती म्हणाली. "आकडा बघितला आणि डोकं फिरलं. मी इथं या पायरीवर बसून मागत होते तेव्हा ते पैसे होते, ताई. तू माझ्या तोंडावर म्हणालीस, हात रिकामे आहेत."

"मग मला येऊन विचारायचंस."

"विचारलंच होतं की."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर बोंब खरी होती. खरी म्हणून माफ करावं, तर बाइंडरकडे दाखवलेलं ते बोट आठवत होतं. ते बोट धाकटीनं थंड डोक्यानं, पाठीवर हात ठेवून दाखवलं होतं, आणि तेव्हा तर तिचं डोकं फिरलेलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. झेरॉक्सताईनं कोपऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिला बघवलं नाही. त्या माणसाला काय सांगायचं हे तिला त्या क्षणी सुचत नव्हतं, आणि पुढं सुचेल असंही वाटत नव्हतं.

धाकटीनं फोन काढून काउंटरवर ठेवला. उरलेले आत्ता पाठवते म्हणाली. कुठं पाठवू, एवढं सांग. जुन्या पाकिटात पाठवणं म्हणजे पुन्हा तिच्याच हातात ठेवणं, हे दोघींनाही एकदमच कळलं. त्या पाकिटाचे शब्द तिला पाठ असणार. नवं पाकीट उघडायला हवं होतं. झेरॉक्सताईनं चोरी झाल्यापासून जवळच बाळगलेला जुना फोन पिशवीतून काढला, जुनं पाकीट पुसलं, नवं घेतलं. पडद्यावर नवे बारा शब्द यायला लागले तशी धाकटी लहानपणापासूनच्या सवयीनं काउंटरवर कोपर टेकवून पुढं वाकली. ताईच्या हातात जे काही असे त्यात डोकं घालून बघायचं, हे तिनं आयुष्यभर केलं होतं. ताईनंच तिला ती सवय लावली होती, अक्षरं शिकवताना.

"बाहेर जा," ताई म्हणाली. "पायरीवर. तिकडं तोंड करून उभी राहा."

धाकटीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं काउंटरवरची पर्स उचलली आणि मान वाकवून जिन्याखालून बाहेर गेली. पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हात पर्सवर धरून उभी राहिली. झेरॉक्सताई एकेक शब्द उतरवू लागली. अक्षर चांगलं येत नव्हतं. मध्येच एक शब्द चुकला, खोडून पुन्हा लिहिला. तिनं वर बघितलं तेव्हा धाकटीचे खांदे हलत होते, पण तिनं मागं वळून बघितलं नाही.

तेवढ्यात कॉलेज सुटलं. एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि पायरीवर कुणी उभं आहे हे बघून मागं थांबली. थोडा वेळ वाट बघितली. मग धाकटीच्या बाजूनं आत डोकावून तिनं विचारलं, की आधी त्यांचा नंबर आहे का.

झेरॉक्सताईनं पेन खाली ठेवलं, शब्दांवर हात पालथा ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचं काही काम नाही. तुम्ही या."